मागच्या वर्षीचा बांबू

पहिला दिवस

केप टाउनच्या विमानतळावर डिसेंबरच्या रणरणत्या उन्हात आम्ही लोकरीचे मोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून उभे होतो. आसपासची माणसं चड्डी-चपलेत. आमच्याकडे बघून हसत होती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण इल्युशिन-76 हे मालवाहू विमान. एकदा आत बसलं की बॅग उघडून कपडे बदलायला जागा नाही, आणि साधारण सहा तासांनी दार उघडतं ते थेट अंटार्क्टिकाच्या बर्फावर. खिडक्या नावापुरत्या, कानात बोळे, समोर जाळी टाकून आवळलेली खोकी. त्यातल्या दोन खोक्यांत माझी यंत्रं होती, त्यामुळे माझा डोळा काही लागला नाही.

भारताची पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' जहाजाने निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. महिन्याहून जास्त समुद्र! आम्ही नाश्ता करून निघालो आणि चहाच्या वेळेला पोचलो. त्यांच्यासमोर हे बोलायची हिंमत माझ्यात नाही.

नोवोची, म्हणजे नोवोलाझारेव्स्काया या रशियन ठाण्याची, धावपट्टी म्हणजे वरून खरवडून खडबडीत केलेला निळा बर्फ. शिडीवरून उतरल्यावर भव्यदिव्य काही सुचलं नाही. आपण आता घसरणार, एवढंच डोक्यात होतं. पुढे पिस्टनबुलीत बसून 'मैत्री' या आपल्या ठाण्यावर. ही गाडी रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालते. आमच्या गाडीचा चालक फौजेतला मेकॅनिक, त्याला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी पहिला नियम सांगितला, "साहेब, दार वाऱ्याच्या बाजूचं उघडायचं नाही. हातात राहील."

दुसरा दिवस

मैत्री 1989 पासून चालू आहे. त्याआधीचं 'दक्षिण गंगोत्री' तरंगत्या बर्फावर उभं केलं होतं, ते दरवर्षी साचणाऱ्या बर्फाखाली गाडलं गेलं. म्हणून दुसरं ठाणं खडकावर, शिर्माकर ओॲसिसमध्ये. ओॲसिस म्हटलं की खजुराची झाडं डोळ्यांपुढे येतात. इथे आहे ती सुमारे 35 चौरस किलोमीटरची उघड्या खडकाची चिंचोळी पट्टी, त्यात शंभराहून अधिक तळी. दक्षिणेला चढत जाणारी बर्फाची चादर, उत्तरेला समुद्रावर पसरलेला सपाट बर्फ. 1939 च्या फेब्रुवारीत एका जर्मन वैमानिकाला ही पट्टी वरून दिसली, त्याचं नाव तिला पडलं. आमचं पिण्याचं पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येतं.

इथे काय करायचं ते आधी सांगून टाकतो. आमच्या पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची मैत्रीवर वेधशाळा आहे, पण मी आलोय तो तिच्या बाहेरच्या कामासाठी. तीन कामं. ओॲसिसच्या दक्षिणेला बर्फ किती जाड आहे ते रडारने मोजायचं. खडकात दिसणारे डाइक (भेगांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती) बर्फाखाली कुठवर जातात ते मॅग्नेटोमीटरने हुडकायचं. आणि मागच्या वर्षी बर्फात रोवलेले बांबू शोधून ते किती सरकले, किती उघडे पडले याची नोंद घ्यायची.

जोडीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एक बंगाली गृहस्थ आहेत. वयाने मोठे, त्यामुळे पहिल्याच दिवशी दादा झाले. ही त्यांची चौथी खेप. "तू खालचं बघ, मी वरचं बघतो," म्हणाले.

तिसरा दिवस

दिवसभर खडक. ऊन होतं, वारा कमी होता, हातमोजे काढून चालता आलं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. दगड म्हणजे काळा, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! इथल्या नाइस खडकांवर पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी उष्णतेचा आणि दाबाचा शेवटचा मोठा संस्कार झाला, आणि त्याच्याही आधीच्या, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा त्यात आहेत. राखाडी-गुलाबी पट्टे, त्यात डाळिंबाच्या दाण्याएवढे गार्नेट. गोंडवन हा जुना महाखंड अखंड होता तेव्हा हा भाग मोझांबिक आणि श्रीलंकेच्या शेजारी होता. भारताचा पूर्व किनारा याच खंडाला आणखी पूर्वेकडे चिकटलेला होता, जिथे आज आपलं 'भारती' ठाणं आहे.

दादांनी होकायंत्र काढलं तेव्हा एक गंमत बघितली. भारतात विकत घेतलेल्या होकायंत्राच्या सुईला दक्षिणेकडच्या टोकाजवळ तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. आपल्याकडे उत्तरेकडचं टोक जमिनीकडे ओढलं जातं, ते तोलून धरायला. इथे दक्षिणेकडचं टोक ओढलं जातं, त्यात हे वेटोळं आणखी भर घालतं, आणि सुई तिरपी होऊन काचेला घासते. दादांनी दगडावर बसून काच उघडली, दातकोरणीने वेटोळं सरकवत सरकवत पलीकडच्या बाजूला नेलं, फुंकर मारली, सुई मोकळी फिरली. पाच मिनिटांचं काम. सुरुवातीच्या एका खेपेला हे कळेपर्यंत त्यांचे आठ दिवस चुकीच्या दिशा लिहिण्यात गेले होते म्हणे.

त्यांनी मला एक डोलेराइटचा डाइक दाखवला. फिक्या नाइसमधून गेलेली काळी भिंत, दोन-अडीच मीटर रुंद, दक्षिणेला सरळ चालत जाते आणि बर्फाच्या कडेला गडप होते. "इथपासून तुझी हद्द," म्हणाले.

चौथा दिवस

मॅग्नेटोमीटर. या यंत्राच्या दांड्यावर डब्याएवढी एक बाटली असते, आत केरोसीनसारखा द्रव. त्यातल्या प्रोटॉनना विजेचा झटका देऊन सोडलं की ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डोलतात. डोलण्याच्या वेगावरून क्षेत्र किती ते कळतं. साधं यंत्र आहे, पण लोखंडाचं त्याला भारी वावडं. बेल्टचा बक्कल, चाकू, किल्ल्या, मोबाइल, सगळं काढून ठेवायचं. पंचाईत बुटांच्या खिळ्यांची. निळ्या बर्फावर क्रॅम्पॉनशिवाय चालता येत नाही आणि क्रॅम्पॉन पोलादाचे. शेवटी ते काढून, रबरी तळव्यांवर, पेंग्विनसारखा दुडूदुडू चालत दर दहा मीटरला रीडिंग. पेंग्विन इथे औषधालाही नाहीत, समुद्र ऐंशी-शंभर किलोमीटर लांब.

दोन ठिकाणी आपटलो. बाटली हातात वर धरलेली राहिली याचं दादांना कौतुक.

डाइक मात्र सापडला. बर्फाच्या कडेपासून पहिल्या तीन लाइनींत आकडा ठरावीक जागी शे-दीडशे नॅनोटेस्लाने चढून उतरत होता. वरून बघितलं तर कोरा बर्फ.

पाचवा दिवस

कालच्याच लाइनी पुढे वाढवल्या आणि संध्याकाळी कळलं की दिवस पाण्यात गेला. चुंबकक्षेत्र दिवसभर आपलं आपण बदलत असतं, म्हणून एक मॅग्नेटोमीटर एका जागी ठेवून सतत नोंद घ्यायची आणि ती आपल्या रीडिंगमधून वजा करायची. हा बेस साडेनऊला सुरू केला आणि दहा वाजून दहा मिनिटांनी तो बंद पडला. बॅटरी गार पडली होती. फोमच्या डब्यात गुंडाळून ठेवायची, ती मी घाईत नुसतीच ठेवली. वेधशाळेची नोंद वापरून थोडंफार वाचवता येईल. पण वहीत लिहायला लाज वाटली ती वाटलीच.

सहावा दिवस

बांबूंचा दिवस. अख्ख्या खंडावर झाड नाही, म्हणजे बांबूसुद्धा बाहेरून आणायचा. बर्फात ड्रिलने भोक पाडून तो उभा रोवायचा, नंबर टाकायचा, किती उघडा आहे ते टेपने मोजायचं आणि जीएनएसएसने (जीपीएससारख्या उपग्रहांच्या यंत्राने) जागा नोंदवायची. पुढच्या वर्षी कुणीतरी येऊन तेच करायचं. यापेक्षा गावठी प्रयोग नसेल. पण आमच्याच संस्थेच्या मंडळींनी 2003-04 मध्ये इथल्या खुणांवर जीपीएस लावून दाखवलं होतं की ही चादर वर्षाला सुमारे 2 ते 11 मीटर सरकते. म्हणजे बर्फ आमच्या दिशेने, उत्तरेकडे येतोय.

हे मला पाठ आहे. तरीही मागच्या वर्षीच्या आकड्यांवर बरोबर जाऊन उभा राहिलो आणि तिथे बांबू दिसेना, तेव्हा पोटात गोळा आला. यंत्र म्हणतंय इथेच. पायाखाली गुळगुळीत बर्फ, ना भोक ना काडी. दादा मागून म्हणाले, "अरे, उत्तरेकडे बघ ना." सात पावलांवर उभा होता. टेपने मोजलं, सव्वापाच मीटर. मागच्या वर्षी 1 मीटर 12 सेंटिमीटर उघडा होता, आता 1 मीटर 39. तेवढा बर्फ वाऱ्याने आणि उन्हाने वरच्यावर उडून गेला.

मागच्या वर्षीची वही माझ्याकडे आहे. पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई गोठते. अक्षर बारीक, नीट. बांबू, अक्षांश, रेखांश, उंची, शेरा. शेरे इंग्रजीत: वाकलेला, वरून तुटला, नंबर पुसला. फक्त नऊ नंबरपुढे मराठीत दोनच शब्द, 'इथे जपून'. लिहिणारा आमच्यातलाच, आता संस्थेत नाही. घाईच्या क्षणी माणसाच्या हातून आपली भाषा उतरते, तसं काहीतरी झालं असावं.

आज एक ते सहा केले.

सातवा दिवस

रडार. फायबरच्या लहान घसरगाडीत अँटेना ठेवायचे, दोर कमरेला बांधायचा आणि चालायचं. बैल आणि नांगर, दुसरं काही नाही. लहरी बर्फातून दर नॅनोसेकंदाला साधारण 17 सेंटिमीटर जातात, खडकावर आपटून परत येतात. म्हणजे पडद्यावर हजार नॅनोसेकंदाच्या जागी रेघ दिसली, तर खडक सुमारे 84 मीटर खाली.

गाडीच्या मागे अंतर मोजायचं चाक लावलेलं असतं. चाकाने सांगितलं 1,640 मीटर चाललात. जीएनएसएसने सांगितलं 2,010. निळ्या बर्फावर चाक फिरायच्या ऐवजी घसरत होतं. चाकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बघितली, उस्तादांनी तिच्यावर खिळे ठोकून दिले, तरी भरवसा नाही. शेवटी चाक सोडून दिलं आणि दर शंभर मीटरला बटण दाबून खूण टाकत गेलो. हजारो किलोमीटर वाहून आणलेल्या यंत्राला बोटाने 'इथे' सांगायचं!

आठवा दिवस

बांबू सात, आठ. मग नऊ.

निळ्या बर्फावर पांढरा पट्टा दिसला की सावध व्हायचं. वाऱ्याने आणलेला भुसभुशीत बर्फ भेगेच्या तोंडावर साचून पूल झालेला असतो. नऊ नंबरच्या आसपास पांढरा पट्टा दिसला नाही. तरी त्या दोन शब्दांसाठी आम्ही दोर बांधले, दादा पुढे, मी वीस मीटर मागे रडार ओढत. बांबू सापडला, नीट उभा, जागेवरून सहा मीटर सरकलेला. काहीच नाही. मला वाटलं, पूर्वी कुणी घसरून पडला असेल आणि लिहिलं असेल.

लाइन मागे वळवून मागच्या वर्षीच्या मूळ जागेकडे, म्हणजे दक्षिणेला निघालो, तर पडद्यावर खडकाची रेघ वर चढायला लागली. नव्वद मीटर, सत्तर, पंचावन्न. खाली टेकाड होतं. आणि टेकाडाच्या माथ्यावर, अगदी वरच्या थरात, एकाखाली एक कमानी. पोरांनी पाटीवर काढलेल्या डोंगरांसारख्या. मी ओरडलो, "दादा, थांबा."

ते थांबलेच होते. त्यांच्या पुढ्यात ताटाएवढ्या जागेत बर्फाचा रंग किंचित दुधी होता. बसूनच त्यांनी सळई टोचली. पहिला वीतभर कडक, मग मुठीपर्यंत सरकन आत. सळई काढून भोकाला डोळा लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाले, "निळं." मग मला बघू दिलं. वरून फिकट, खाली गडद होत जाणारा निळा, दौतीच्या तळासारखा, आणि तोंडावर गार, बिनवासाची हवा. भेग वर जेमतेम दीड फूट, आत पोट सुटलेलं.

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि थर्मासमधला चहा संपवला. दादांनी हिशेब मांडला. बर्फ टेकाडावरून जाताना वाकतो, ताणतो, फाटतो. फाटलेला बर्फ पुढे सरकतो आणि मागून आलेला त्याच जागी पुन्हा फाटतो. मागच्या वर्षी बांबू नेमका टेकाडावर होता. आता बांबू पुढे गेलाय, टेकाड थोडंच जाणार? वहीतलं 'इथे' बांबूच्या नंबरापुढे लिहिलं होतं, आणि तो बांबू आता भलत्याच जागी उभा होता.

परत येताना आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. जेवणात राजमा होता, एवढं आठवतंय.

नववा ते अकरावा दिवस

ब्लिझर्ड. खिडकीबाहेर बल्बखालची पिठाची गिरणी चालू असावी असं. मुख्य इमारतीपासून उन्हाळी झोपड्यांपर्यंत दोर बांधलेला आहे, तो धरूनच जायचं-यायचं.

गॅली ड्यूटी माझ्याकडे आली, सत्तावीस माणसांचे कांदे. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने पिठलं केलं. दादांनी तीनदा घेतलं, शेफने मात्र चव घेऊन नुसतं "हं" केलं.

डॉक्टर दर आठवड्याला सगळ्यांना काट्यावर उभं करतात. माझं वजन वाढलेलं. मी सांगून बघितलं की ध्रुवाकडे गुरुत्व जास्त असतं, मुंबईत 70 किलो दाखवणारा तोच काटा इथे पावणेतीनशे ग्रॅम जास्त दाखवणार. म्हणाले, "ठीक आहे, ते वजा केले. उरलेल्या दोन किलोंचं काय?"

रात्री (म्हणजे घड्याळातली रात्र, सूर्य दोन महिने मावळतच नाही) त्यांनीच शेजारच्या रशियन ठाण्याची गोष्ट सांगितली. नोवोलाझारेव्स्काया आमच्यापासून चार-पाच किलोमीटरवर. 30 एप्रिल 1961 ला तिथल्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने, लिओनिद रोगोझोव्हने, स्वतःचं ॲपेंडिक्स स्वतः काढलं. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता आणि वादळात विमान येणं शक्य नव्हतं. भूल फक्त पोटाच्या कातडीपुरती. एकाने आरसा धरला, पण आरशात उजवं-डावं उलटं दिसतं म्हणून बराच वेळ त्याने बोटांनी चाचपतच काम केलं. साधारण पावणेदोन तास. गोष्ट ऐकून आमचा एक जण उगाच पोटाची उजवी बाजू दाबून बघत होता.

आईशी फोन झाला. "अरे, थंडी फार आहे का?" म्हटलं, नाही गं, उणे सहा आहे. वाऱ्याचं सांगितलं नाही.

बारावा दिवस

झोपडीपुढचा बर्फ फावड्याने काढला. बेस पुन्हा उभा केला, बॅटरी गोधडीत.

तेरावा दिवस

हेलिकॉप्टरने ग्रुबर डोंगर. वोलथाट पर्वतरांगेतला हा भाग. माझं तिथे काही काम नव्हतं, दादांचे नमुने उचलायला हमाल म्हणून गेलो.

इथला खडक ॲनॉर्थोसाइट, जवळपास सगळा फेल्डस्पार या खनिजाचा. उन्हात एखादा स्फटिक फिरवला तर मोरपिसासारखी निळी झाक चमकते. दगड उचलायलाही परवानगी लागते. 1991 च्या माद्रिद करारानुसार संशोधन सोडून खनिजांसाठी इथे काही करता येत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा नंबर, जागा, वजन यांसकट कागदावर. दादा हातोडा मारायच्या आधी दगडाकडे पाच मिनिटं बघतात. तीन तासांत अकरा नमुने.

डोंगराच्या कुशीत उंटरझे तळं. वर बाराही महिने सुमारे तीन मीटर बर्फ, खाली दीडशे मीटरहून खोल पाणी. पण मला धरून ठेवलं ते खडकांच्या सांदींनी. समुद्रापासून इतक्या आत पांढरे स्नो पेट्रेल घरटी करतात. कुणी जवळ गेलं तर पोटातलं तेल पिचकारीसारखं उडवतात. (अनुभव आहे. वास जॅकेटमधून जात नाही.) हे तेल घरट्याच्या तोंडाशी हजारो वर्षं थरावर थर साचून मेणासारखं घट्ट होतं. रशियन भूवैज्ञानिकांनी त्याला मुमियो नाव दिलं, मध्य आशियात शिलाजिताला म्हणतात ते. इथले काही थर तीस हजार वर्षांहून जुने निघाले आहेत. पक्षी बसायला तेव्हा खडक उघडा असलाच पाहिजे, म्हणजे त्या वेळी बर्फाची पातळी या जागेच्या वर नव्हती. शिंतोड्यांवरून हा निष्कर्ष काढणाऱ्याला माझा नमस्कार.

चौदावा दिवस

दादांबरोबर दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी. संरक्षित जागा, परवाना खिशात. 1983 पासून ठरलेल्या खुणांपासून बर्फाच्या कडेपर्यंतचं अंतर दरवर्षी मोजलं जातं. कडा मागे हटतेय, दशकाला काही मीटर असा तिचा संथ हिशेब. मी टेपचं एक टोक धरलं. खडकावर जुन्या रंगाचे ठिपके, त्यांच्या शेजारी नवे. दादा आकडा दोनदा मोठ्याने म्हणतात, मी दोनदा परत म्हणतो, मगच तो वहीत जातो.

पंधरावा दिवस

डाइकच्या उरलेल्या लाइनी. आकाश निरभ्र, बेस चालू, आणि वेधशाळेतून निरोप की क्षेत्र खवळलंय, थांबा. सूर्याकडून काहीतरी आलं होतं. उन्हात बसून राहिलो. दुपारी दोननंतर शांत झालं, रात्री अकरापर्यंत उन्हातच काम केलं. डाइक कडेपासून दक्षिणेला सव्वा किलोमीटरवर अजून लागतो, मग पुसट होतो. खडक खोल गेला, की डाइकच संपला? रडारची रेघ तिथे खाली जाते, त्यामुळे मी पहिल्या बाजूचा. दादांना वाटतं दुसरं.

सोळावा दिवस

उद्या हवा राहिली तर विमान. आज बारा नवे बांबू रोवले, जुने सगळे मोजून झाले. नऊ नंबरला शेवटी गेलो. त्या टेकाडापासून दूर, वळसा घालून.

पेन्सिलीला टोक केलं. बांबूच्या ओळीत बांबूचेच आकडे लिहिले. मग खाली वेगळी ओळ सोडून टेकाडाच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश लिहिले, खडकाची खोली लिहिली, भेगेची दिशा लिहिली. सगळं इंग्रजीत, अहवालात जातं तसं. दादा गाडी आवरत होते, उस्तादांनी लांबून दोनदा हॉर्न दिला. वही मिटली, पुन्हा उघडली, आणि त्या चार आकड्यांपुढे मराठीत लिहिलं, 'इथे जपून'.

बांबू 1 मीटर 20 उघडा होता.